जिवंत आमिषाची रात्र

पाणी आत शिरू न देणे हे नौका बांधणाऱ्या सुताराचे आद्य कर्तव्य होय, अशी बहुतेक सर्व बंदरांतील समजूत आहे. परंतु मालदीव बेटांत आणि त्यांच्या उत्तरेस महासागरात एकाकी पडलेल्या आपल्या मिनिकॉय बेटात, फळ्यांचे सर्व सांधे काळजीपूर्वक बुजवून नौका निर्दोष करून झाल्यावर तोच सुतार तिच्या मध्यभागी तळाला मोजून-मापून भोके पाडतो, त्यांना लाकडी बुचे बसवितो, आणि मागे-पुढे दोन आडव्या भिंती घालून जो कप्पा तयार होतो त्यात समुद्राला राजरोस प्रवेश देतो. हा कप्पा म्हणजे नौकेतले तळे. त्यात बोटाएवढे मासे पोहत ठेवायचे असतात, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत राहिले तरच त्या नौकेवरच्या दहा-पंधरा माणसांना समुद्रावर जाण्यात काही अर्थ उरतो. ट्यूना, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ज्या कुळाला कुपा म्हणतात तो मासा, त्याच्या शिकारीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला; परंतु ज्या क्षुद्र माशांच्या एका रात्रीच्या आयुष्यावर तो सारा व्यवसाय तोलून धरलेला होता, त्यांची दखल दफ्तरांतूनही क्वचितच घेतली गेली. बंदरात किंवा खाजणात नांगरलेल्या नौकेपाशी हे आमिष रात्रभर कसे सांभाळीत, ही या व्यवसायातली किरकोळ बाब नव्हे. नौका किती दूर जाईल, कोणत्या दिवशी निघेल आणि कोणाचे घर भरेल, याचा निवाडा तेथेच होत असे, असे माझे मत आहे.

आधी ही शिकार कशी चालते ते सांगितले पाहिजे. खोल समुद्रात पाखरांच्या घिरट्यांवरून माशांचा थवा हेरला की नौकेवरचा एक माणूस कप्प्यातले जिवंत मासे मूठमूठ पाण्यात फेकू लागतो, दुसरे काही जण पाणी उडवून समुद्राचा पृष्ठभाग खळबळता ठेवतात, आणि पिछाडीला ओळीने उभे राहिलेले गळकरी लांब काठ्यांना बांधलेले चकचकीत आकडे पाण्यात टाकतात. या आकड्याला उलटा काटा नसतो. मासा लागला की काठीच्या एका हिसक्यासरशी तो डोक्यावरून मागे फेकला जातो आणि सैल दोरीबरोबर आकडा आपोआप सुटतो. या गडबडीत आमिष जिवंतच का असावे लागते, याचे उत्तर त्याच्या भित्रेपणात आहे. पाण्यात फेकलेला जिवंत मासा आडोसा शोधीत पुन्हा नौकेच्या सावलीकडे धाव घेतो आणि त्याच्यामागून आलेला कुपा आपल्या पायांनी नव्हे तरी आपल्या भुकेने काठ्यांच्या टप्प्यात येतो. मेलेला मासा मात्र सरळ तळाशी जातो आणि थवाही त्याच्याबरोबर पांगतो.

हा रिवाज किती जुना, याचा काही अंदाज प्रवाशांच्या वृत्तांतांवरून करता येतो. १३४३ च्या सुमारास इब्न बतूता मालदीवमध्ये उतरला, तेथे काझीच्या पदावर बसला, आणि तेथल्या एका तांबड्या मांसाच्या माशाचे तुकडे शिजवून, धुरावर धरून हिंदुस्थान, चीन व येमेन या मुलुखांत पाठवितात असे त्याने नमूद केले. १६०२ साली जहाज फुटल्यामुळे याच बेटांत अडकून पडलेला पिरार द लाव्हाल हा फ्रेंच गृहस्थ १६०७ पर्यंत तेथे राहिला, आणि त्याच्या ग्रंथातही तेथील मासेमारीचे विस्तृत वर्णन आहे. मिनिकॉय बेट भाषेने आणि चालीरीतींनी याच मालदीवच्या कुळातले. उत्तरेकडील इतर लक्षद्वीप बेटांपासून ते नऊ अंशांच्या खाडीने तुटलेले आहे. राजकीयदृष्ट्या मात्र त्याच्यावर कण्णूरच्या अरक्कल घराण्याचा अंमल होता. महसुलाची बाकी थकल्याच्या सबबीवर इंग्रजांनी १८७५ साली या बेटांवर जप्ती आणली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कायमची खालसा झाली. सत्ता पालटत गेल्या तरी उकडून, धुरवून आणि उन्हात वाळवून लाकडासारखा टणक केलेला 'मास' हा त्या बेटाचा माल आणि तो विकून आणलेला तांदूळ ही त्या बेटाची भाकरी, या व्यवहारात फारसा फरक पडला नाही.

आता त्या रात्रीकडे वळू. आमिषाचे मासे प्रवाळाने वेढलेल्या उथळ जलाशयात, ज्याला बेटांबाहेरचे लोक सरोवर किंवा लगून म्हणतात तेथे, मिळतात. चारी कोपऱ्यांना काठ्या लावलेले चौकोनी जाळे प्रवाळाच्या एखाद्या ढिगाऱ्याजवळ बुडवून धरायचे, कुटलेल्या माशाचा लगदा वर टाकून थवा त्याच्यावर आणायचा, आणि मग चहूबाजूंनी एकदम जाळे उचलायचे, ही रीत. पण 'उचलायचे' या क्रियापदाने कोणी फसू नये. जाळे पाण्याबाहेर कधीच काढत नाहीत. त्याची कड नौकेला लावून, मासे पाण्यासकट कप्प्यात ओततात किंवा भांड्याने अलगद वळवितात. कारण उघड आहे. हाताच्या किंवा सुताच्या एका घर्षणाने या माशांचे खवले गळतात, आणि खवले गळालेला समुद्रातला मासा जखमेमुळे नव्हे, तर तहानेने मरतो असे म्हटले तरी चालेल. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातला ओलावा उघड्या पडलेल्या त्वचेतून बाहेर ओढला जातो. तो संध्याकाळी धडधाकट दिसतो आणि मध्यरात्रीनंतर उलटा तरंगू लागतो. म्हणून रात्री काय होणार ते संध्याकाळीच जाळ्यापाशी ठरून गेलेले असते.

सर्व जातींची सहनशक्ती सारखी नसते, आणि या बाबतीत बेटवासीयांचे ज्ञान एखाद्या वैद्याच्या निघंटूइतके सूक्ष्म आहे. 'रेही' आणि 'होंडेली' या रुपेरी, नाजूक जाती कुप्याला अतिशय प्रिय. परंतु त्या कोंडल्या की चटकन मरतात, म्हणून पकडल्या त्याच दिवशी वापरणे उत्तम. 'बोडी' आणि 'मुगुरन' या जाती प्रवाळाच्या आश्रयाने राहणाऱ्या, अंगाने चिवट; त्या रात्र काढतात. कुप्याची रुची एका बाजूला आणि आमिषाचे आयुष्य दुसऱ्या बाजूला, अशा या ताणातून तांडेलाला रोज मार्ग काढावा लागे.

रात्रीपुरते हे मासे नौकेच्या कप्प्यात ठेवावेत की बाहेर, हा पुढचा प्रश्न. नौका शिडाखाली धावत असे तेव्हा तळाच्या भोकांतून पाणी सारखे आत येई, आणि जेवढे आत येई तेवढे खलाशी लाकडी भांड्यांनी उपसून बाहेर टाकीत. नौकेची गती आणि माणसांचे दंड या दोहोंच्या मेळाने कप्प्यातले पाणी ताजे राही. परंतु हीच नौका शांत खाजणात नांगरली की गती संपे, लाटेच्या मंद हेलकाव्याने जेवढे पाणी आत-बाहेर होईल तेवढेच, आणि खलाशी तर घरी जाऊन झोपलेले. म्हणून मिनिकॉयमध्ये आदल्या दिवशीचे आमिष पाण्यातच तरंगत ठेवलेल्या मोठ्या, जाळीदार विणीच्या टोपल्यांत ठेवण्याची वहिवाट पडली. टोपलीतून प्रवाह आरपार वाहतो, घाण खाली गळते, मासे कोंडलेले असूनही समुद्रातच असतात. टोपली कोठे बांधायची यातही शहाणपण होते: किनाऱ्याच्या फार जवळ नको, कारण ओहोटीला पाणी उथळ व कोमट होते; जेथे भरतीचा ओघ लागतो, पण लाटेचा तडाखा लागत नाही, अशी जागा हवी.

या रात्रीतला सर्वांत घातक प्रहर कोणता, असे विचारले तर सामान्य माणूस मध्यरात्र म्हणेल. खरे उत्तर पहाटेपूर्वीचा प्रहर हे आहे. उष्ण कटिबंधातल्या अठ्ठावीस अंश उष्णतेच्या समुद्रजलात एका लिटरला जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पंधरा अंशांच्या पाण्यात तोच आठच्या आसपास असतो. मुळातच तुटपुंजा असलेला हा साठा प्रवाळाच्या उथळ जलाशयात रात्रभर घटत जातो, कारण दिवसा प्राणवायू निर्माण करणाऱ्या शेवाळी वनस्पती अंधारात तो खर्च करू लागतात आणि प्रवाळाचे असंख्य जीवही श्वास घेतच असतात. उजाडण्याच्या अगदी आधी तो नीचांकाला पोचतो. त्यात टोपलीत मासे दाटीवाटीने भरलेले असले तर परिणाम सांगायला नको. एक मेला की तो कुजू लागतो, त्याने पाणी बिघडते, त्यामुळे शेजारचे मरतात. म्हणून नौका निघण्यापूर्वी अंधारातच टोपलीशी जाऊन मेलेले मासे वेचून काढणे हे पहाटेचे पहिले काम. ते करणारा माणूस कंदिलाच्या उजेडात पांढरी पोटे शोधीत असे, आणि किती पोटे वर आली यावरून त्या दिवशी समुद्रावर किती दूर जायचे याचा आडाखा बांधला जाई. प्राणवायूचे गणित कोणी त्याला शिकविले नव्हते. दाटी करू नये, कोपरे नसावेत, कोंडल्यावर लगेच खाऊ घालू नये, हे नियम मात्र त्याला पाठ होते. कोपऱ्यांची बंदी मला विशेष वाटते. थव्याने पोहणारा मासा अंधारात भिंतीला आपटतो आणि कोपऱ्यात अडकून एकमेकांवर घासला जातो. गोल पात्रात तो फिरत राहतो आणि फिरत राहतो म्हणून जगतो.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला अगदी वेगळ्या साधनांनी सिद्ध झाली. कॅलिफोर्नियात १९०३ च्या सुमारास ट्यूना डबाबंद करण्याचा उद्योग निघाला, आणि पुढे जपानी कोळ्यांनी बांबूच्या काठ्या व जिवंत आमिष ही पद्धत तेथे रुजविली. सान दिएगोच्या पोर्तुगीज वंशाच्या कोळ्यांनी डेकवर मोठाल्या टाक्या बसवून नौका दक्षिणेला विषुववृत्तापर्यंत नेल्या. या टाक्यांना तळाची भोके पुरेशी नव्हती. यंत्राने पाणी खेळवावे लागे, आणि ते एकदा थांबले की सारे संपले, त्यामुळे नौका नांगरलेली असो वा चालती असो, पंप अहोरात्र चालविणे भाग होते. रात्री या टाक्यांत दिवे सोडीत. तो दिव्याचा थाट नव्हे. उजेडात मासे एकमेकांना पाहून थव्याने पोहतात आणि भिंतीवर डोके फोडून घेत नाहीत. बेटावरच्या कोळ्याने गोल टोपलीने जे साधले ते येथे विजेने साधले. जपानात तर आमिष सांभाळणे हा एक स्वतंत्र धंदाच झाला: किनाऱ्यालगतचे लोक लहान मासे पकडून तरंगत्या पिंजऱ्यांत काही दिवस ठेवतात, अशक्त ते तेथेच मरून जातात, आणि उरलेले दणकट मासे काठीच्या नौकांना विकतात.

कप्प्याला भोके पाडण्याची युक्ती केवळ आमिषापुरती नव्हती, हेही ओघात सांगून टाकतो. इंग्लंडात हार्विच येथे १७१२ साली अशी पहिली नौका बांधली गेली असे सांगतात. तिचा हेतू कॉड मासा जिवंत लंडनकडे नेण्याचा होता. पण टेम्स नदीचे गोडे पाणी भोकांतून आत शिरले की मासे मरत, म्हणून या नौकांना ग्रेव्हसेंडपाशीच थांबावे लागे. पुढे ग्रिम्सबीच्या गोदीत कॉड मोठ्या लाकडी पेट्यांत पाण्यावर तरंगत ठेवू लागले. भोक चांगले, पण त्यातून येणारे पाणी कोणते हेही पाहिले पाहिजे, एवढाच त्या प्रकरणाचा अर्थ.

आपल्या कोकण किनाऱ्यावर हा रिवाज का पडला नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. येथल्या कोळ्याचे मुख्य साधन डोल, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओघात खुंटांना अडकविलेले थैलीसारखे जाळे; बोंबील आणि करंदी स्वतःच त्यात वाहत येतात, त्यांना आमिषाने बोलवावे लागत नाही. शिवाय येथला गढूळ, चिखलमिश्रित समुद्र आणि प्रवाळाचे काचेसारखे जल यांत महदंतर आहे. ज्या मिनिकॉयच्या पुरुषांनी घरी ही रात्रीची राखण केली, त्यांच्यापैकी पुष्कळ जण आगबोटींवर खलाशी म्हणून निघून जात. त्याच काळात रत्नागिरीकडचे तरुणही तशाच आगबोटींवर चढत होते, पण त्या दोघांच्या घरच्या मासेमारीत काही साम्य नव्हते.

मिनिकॉयमध्ये १९५६ नंतर केंद्रशासित प्रदेशाचा कारभार आला, १९६० च्या दशकात यांत्रिक नौका आल्या, आणि बेटावर मासे डबाबंद करण्याचा कारखानाही निघाला. काठीची ही मासेमारी तेव्हाच उत्तरेकडच्या बेटांतही सरकारी उत्तेजनाने पसरली. मालदीवमध्ये पहिली यांत्रिक नौका १९७४ साली पाण्यात गेली. एंजिनाने नौकेचा पल्ला वाढला आणि पंपाने कप्प्यातले पाणी खेळविले, परंतु पल्ला वाढला म्हणजे आमिषही अधिक लागले, आणि जलाशयातले रुपेरी थवे पूर्वीइतके सहज मिळेनासे झाल्यावर कोणत्या बेटाने कोणाच्या पाण्यात आमिष धरावे यावरून कुरबुरी सुरू झाल्या. अलीकडे मालदीवची मंडळी तर रात्रीच पाण्यात प्रखर दिवे सोडून, उजेडाकडे धावत आलेले मासे पहाटेपूर्वी पकडतात आणि थेट शिकारीवर निघतात; पूर्वी संध्याकाळी पकडलेले मासे सकाळपर्यंत जगविण्यात जो काळ जाई, तो काळच त्यांनी व्यवसायातून काढून टाकला आहे.