अंधारी रात्र कुणाची?

ख्रिस्ती गूढवाद्यांचा विषय काढला की आपल्याकडे बहुधा दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, ‘आपल्याला काय करायचंय त्याचं?’ आणि दुसरी, ‘ते सगळं आपल्याच सूफींकडून उचललेलं आहे.’ पहिलीकडे दुर्लक्ष करता येतं. दुसरी जास्त चिवट आहे. तिच्यात थोडं तथ्य आहे आणि पुष्कळसा आळस आहे.

सान हुआन दे ला क्रूस या स्पॅनिश संताचंच उदाहरण घेऊ. जन्म १५४२. वडील रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या घराण्यातले, पण एका गरीब विणकर मुलीशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी त्यांना टाकलं. ते लवकर वारले आणि हुआनचं लहानपण दारिद्र्यात गेलं. पुढे तो कार्मेलाइट संन्यासी झाला आणि संत तेरेसाबरोबर त्या संघाच्या सुधारणेला लागला. डिसेंबर १५७७ मध्ये सुधारणा नको असलेल्या संघबंधूंनीच त्याला पकडलं आणि तोलेदोच्या मठात एका अरुंद, अंधाऱ्या कोठडीत कोंडलं. तिथे तो सुमारे नऊ महिने होता. फटके मारणारे परके नव्हते, त्याच्याच संघाचे होते. त्या कोठडीत त्याने ‘आध्यात्मिक गीत’ रचायला घेतलं आणि ऑगस्ट १५७८ मध्ये एका रात्री तो तिथून निसटला.

पुढे त्याने जी ‘अंधारी रात्र’ मांडली, तिचा अर्थ नुसतं दुःख असा नाही. प्रार्थनेतला गोडवा आटतो, देव पाठ फिरवून बसल्यासारखा वाटतो. हुआन म्हणतो, हा कोप नाही, हे उपचार आहेत. गोडव्याची चटक लागलेला माणूस देवापेक्षा त्या गोडव्यावरच प्रेम करत असतो.

सूफी साहित्य थोडंफार वाचलेल्या माणसाला इथे थबकायला होतं. मीही थबकलो. आपल्याकडे ‘कब्ज’ आणि ‘बस्त’ या जोडशब्दांत हेच सांगितलं आहे. (कब्ज म्हटल्यावर आपल्या घरांत आधी हकीमसाहेब आठवतात, पण मूळ अर्थ आवळलं जाणं, आणि बस्त म्हणजे पसरणं.) बस्तमध्ये नफ्सला आनंदाचा वाटा मिळतो. कब्जमध्ये तिला काहीच मिळत नाही, म्हणून कब्ज अधिक सुरक्षित. कब्जला रात्रीची उपमाही आहे. रोंदा या अंदलुसी गावात १३३३ साली जन्मलेल्या आणि पुढे फेजच्या करवीयीन मशिदीत इमाम झालेल्या इब्न अब्बादने हे विस्ताराने लिहिलं आहे.

हे साम्य दाखवणारा कुणी मुसलमान नव्हता. मिगेल आसीन पालासिओस हा माद्रिदचा अरबीचा प्राध्यापक कॅथलिक पाद्री होता. १९३३ साली त्याने इब्न अब्बादला हुआनचा पूर्वसुरी म्हणून मांडलं. हा दाखला आपण मोठ्या अभिमानाने देतो, पण आसीनचं पुढचं म्हणणं सोयीस्करपणे गाळतो. सूफींनी मुळात हे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधूंकडून घेतलं, आणि स्पेनमध्ये ते आपल्या घरी परतलं, अशी त्याची धारणा होती. इब्न अरबीवरच्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘ख्रिस्ती झालेला इस्लाम’ असं आहे. म्हणजे त्याच्या खतावणीत कर्जदार आपणच.

मला ही खतावणीच नको वाटते. हुआनने इब्न अब्बाद वाचल्याचा पुरावा आसीनला देता आला नाही. देवाच्या भेटीतला अंधार तर निस्साच्या ग्रेगरीने चौथ्या शतकातच, मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या पर्वतारोहणावर लिहिताना मांडला होता. तेव्हा इस्लामचा उदयही झाला नव्हता. पण कब्जसाठी हुआन वापरतो ते ‘आवळणं’ आणि ‘ऐसपैसपणा’ या अर्थाचे स्पॅनिश शब्द ग्रेगरीने उलगडत नाहीत, हेही खरं.

पुरावा का सापडत नाही, याचं थोडंफार उत्तर त्या काळात आहे. ग्रानादात अरबी ग्रंथांची होळी हुआनच्या जन्माआधीच झाली होती. १५६७ च्या फर्मानाने अरबी बोलण्या-लिहिण्यावर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी अल्पुहारासच्या डोंगरात मोरिस्कोंनी बंड केलं. संत तेरेसाचे आजोबा मूळचे यहुदी, १४८५ साली इन्क्विझिशनने त्यांना प्रायश्चित्त करायला लावलं होतं. अशा देशात कुणी काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, हे लिहून ठेवण्यात कुणाचंच हित नव्हतं. १५८२ पासून काही वर्षं हुआन ग्रानादातच, अलहम्ब्राच्या शेजारच्या टेकडीवरच्या मठाचा प्रमुख होता. तिथे त्याच्या कानावर काय पडलं असेल, याची मी कल्पना करतो. पण कल्पना म्हणजे इतिहास नव्हे.

आणि समजा, उद्या एखादं हस्तलिखित सापडलं आणि उसनवारी सिद्ध झाली, तर हुआनचा एक परिच्छेद तरी वाचायचा वाचेल का? ‘हे आमचंच’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी इब्न अब्बाद तरी वाचला आहे?

हुआन १५९१ मध्ये वारला. मोरिस्कोंची हकालपट्टी १६०९ ला सुरू झाली आणि १६१४ पर्यंत चालली. त्यानंतर चार वर्षांनी, १६१८ साली, अल्काला इथे हुआनचे ग्रंथ प्रथमच छापले गेले. कोठडीत सुचलेलं ते ‘आध्यात्मिक गीत’ मात्र त्यातून वगळलं होतं.