दारात थांबणारा पोस्टमन

परवा सकाळी चहा घेताना मोबाईल वाजला. खात्यातून १,४९९ रुपये गेले होते. कुणाला? तर गेल्या वर्षी सवलतीत घेतलेल्या एका ऑनलाइन सेवेला. ती मी सात-आठ महिन्यांत उघडलीही नव्हती. आपोआप नूतनीकरण! सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्हीच कधीतरी हो म्हणाला असाल." म्हटले होते खरे.

तेव्हा आजोबा आठवले. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी दोन मासिके यायची. मराठी मासिकांचा तो काळच वेगळा. जवळच्याच किर्लोस्करवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातून, १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि पुढे तिचे मोठे मासिक झाले. अशी मासिके वर्गणीदारांवर जगत. वर्गणी संपली की पत्र यायचे, "नको असल्यास कळवा, अन्यथा अंक व्ही. पी.ने पाठवू."

म्हणजे बघा, गप्प बसणे म्हणजे होकार, हे तेव्हाही होतेच! पण व्ही. पी. घेऊन पोस्टमन दारात येई. पैसे मोजल्याशिवाय अंक हातात पडत नसे, आणि आजोबांनी "नको" म्हटले की तो निमूट परत जाई. टपालखर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर. टपालखात्याने १८७७ साली सुरू केलेल्या या पद्धतीची गंमत ही, की गैरसमजाची किंमत विकणारा भरायचा.

पुढे १९९० च्या दशकात रिझर्व्ह बँकेने ईसीएस आणले. हप्ते, बिले खात्यातून परस्पर जाऊ लागली, पण आधी कागदावर सही लागायची. मग कार्डे आली. नंबर एकदा दिला की संपले, पोस्टमनच नाहीसा झाला.

त्याला परत आणायचा प्रयत्न रिझर्व्ह बँकेनेच केला. ऑगस्ट २०१९ मध्ये नियम काढला, की पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचे आणि नको म्हणायची सोय द्यायची. मुदतवाढी होत होत १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कडक झाला. तेव्हा अनेकांची नेहमीची पेमेंट्स अडकली आणि आपणच कुरकुरलो. ठराविक मर्यादेवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागणार होता. ती मर्यादा ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली.

मग मला कसे कळले नाही? मेसेज चाळले. आदल्या दिवशी सूचना आली होती! विजेचे बिल आणि कर्जाच्या जाहिराती यांच्या मधोमध. पोस्टमन आला होता, पण दारात थांबला नाही. आता आपल्या गप्प बसण्याचा खर्च आपल्याच अंगावर.

२०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार जाहीर केले. त्यात वर्गणीचा सापळाही आहे, म्हणजे आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड. माझ्या बाबतीत सापळा नव्हता, आळस होता. पण आळसावर चालणारा धंदा आजोबांच्या वेळी तोट्यात गेला असता, एवढे नक्की.

असो. काल पेमेंट ॲपमधली ऑटोपेची यादी उघडली. चार निघाले, दोन बंद केले. आता रविवारी काकांकडे जाऊन त्यांचाही फोन बघणार आहे. तुम्हीही घरातल्या मोठ्यांचे बघा, आणि किती निघाले ते कळवा!