तांडा आणि गावकूस

स्थलांतरित समाज स्थानिक समाजात मिसळला, असे म्हणण्याआधी तो कोणत्या अटीवर मिसळला हे विचारले पाहिजे. २०११ नंतर सीरियातून लेबनॉनमध्ये गेलेल्या निर्वासितांना मुख्यतः शेती, बांधकाम आणि सफाई हीच कामे मोकळी ठेवली गेली. श्रम हवेत, माणूस नको, हा न्याय आम्हा यवतमाळकरांना नवा नाही. आमच्या जिल्ह्यातील बंजाऱ्यांचा इतिहास मी याच दृष्टीने वाचतो.

बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत हा समाज उत्तरेकडून दक्षिणेत आला. मोगल फौजांना त्याने रसद पुरविली. वऱ्हाडचा कापूस मिर्झापूरपर्यंत नेला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि हा धंदा बुडत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया पुढे बंजाऱ्यांवरही पडली. ज्याचे पोट गेले त्यालाच चोर ठरविले गेले. कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय रद्द झाला नाही.

पुसद, दिग्रस, उमरखेड भागात तांडे स्थिरावले, पण गावापासून दूर. गावकुसाबाहेर महारवाडाही होता. मग हे दोन बहिष्कृत एकत्र का आले नाहीत? उत्तर कडू आहे. जातिव्यवस्था बाहेर ठेवलेल्यालाही आणखी खालची पायरी दाखविते. तांड्यानेही अस्पृश्यता पाळली. त्याच्याच सोबतीच्या, नगारा वाजविणाऱ्या ढालियाची जागा खालचीच राहिली. इथे मिसळणे म्हणजे विषमता शिकणे ठरले.

गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण त्यामुळे तांड्यांतून ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे थांबली नाहीत.

पैनगंगेपलीकडे तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती! त्याची गोरबोली जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजली जाते. २०२५ साली अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी बंजाऱ्यांचे मोर्चे निघाले आणि त्याविरुद्ध आदिवासींचे. दोन वंचित एका ताटावरून झुंजले. ताट अपुरे ठेवणारी व्यवस्था बाजूला उभी राहून पाहत होती.

म्हणून तांड्याला गावात घ्या, एवढी मागणी मला अपुरी वाटते. ज्या गावाने महारवाडा पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवला, त्यात सामावून काय साधणार? तांडा, बौद्धवाडा आणि कोलामांचा पोड यांनी जमीन, पाणी आणि शाळा यांवर एकत्र हक्क सांगितला, तरच गाव बदलेल. गाव न बदलता होणारे सामीलीकरण ही शरणागतीच होय.