मुंबई ते लंडन : मैल आणि तास

मुंबईहून लंडन किती लांब, या प्रश्नाला भूगोलाचे उत्तर एकच आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा सुमारे ४,५०० मैल भरते. शिवकाळी ती जेवढी होती तेवढीच आज आहे. परंतु प्रवासी मैल मोजीत नाही, तो दिवस आणि तास मोजतो. आणि हे तास केवळ यंत्राच्या वेगाने ठरलेले नाहीत. वाटेवर मुलूख कोणाचा आणि तो वाट देतो की नाही, यावरही ते ठरत आले आहेत.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून येण्यास कित्येक महिने लागत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनी ही मुदत आठवड्यांवर आणली. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी निघालेले गांधीजी २९ ऑगस्टला मुंबईस ‘राजपुताना’ बोटीवर चढले, मार्सेल्सला उतरून पुढे आगगाडीने गेले, आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. म्हणजे एक पंधरवडा! भर समुद्रात मात्र त्यांच्या बोटीला कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

आकाशाचे तसे नाही. १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य झाली, आणि १९४४ साली शिकागो येथे तेच तत्त्व पुन्हा पक्के करण्यात आले. याचा अर्थ काय, ते इंपीरियल एअरवेजच्या पहिल्याच फेरीत दिसले. ३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीकडे विमानसेवा सुरू झाली. पण बाझेल ते जिनोआ हा टप्पा विमानाच्या उतारूंना चक्क आगगाडीने काटावा लागे, कारण इटलीने तिकडून हवाई प्रवेश दिला नव्हता. एवढे सोपस्कार करून कराची सात दिवसांत गाठत. पुढे इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची सवलत चालू ठेवली नाही, तेव्हा १९३२ साली सारा मार्ग आखाताच्या अरबी बाजूस सरकला. शारजासारख्या लहानशा गावी विमानतळ आणि उतारूंसाठी किल्लेवजा विश्रांतिगृह उभे राहिले, ते यामुळे. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि मुंबई या वाटेला जोडली गेली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला निघाले. १९६० साली बोइंग ७०७ जेट विमाने आली. आज न थांबता जाणाऱ्या विमानाला नऊ-दहा तास पुरतात. परतीला पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने वेळ थोडा कमीच लागतो. वारा तेवढा परवाने पाहत नाही!

परंतु इराणने १९३२ साली जे केले, ते जेटच्या युगातही घडते. २०१९ साली पाकिस्तानने आपले आकाश फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवले. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना पुन्हा मनाई झाली, आणि काही दिवसांतच भारतानेही पाकिस्तानी विमानांना तशीच मनाई केली. मुंबई समुद्रकाठी असल्याने तिला अरबी समुद्राची वाट जवळ पडते. दिल्लीच्या विमानांना मात्र युरोपला जाण्यासाठी आधी दक्षिणेकडे वळून तोच समुद्र गाठावा लागला, आणि त्या वळशाचे इंधन व जादा तास सोसावे लागले.