सनद कोणाच्या हाती

वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार आज न्यायाधीशाकडे जात नाही. ती राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते, तिथली तीन वकिलांची शिस्तपालन समिती ती ऐकते, आणि आरोप सिद्ध झाला तर सनद काही काळापुरती किंवा कायमची जाऊ शकते. ही व्यवस्था १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने आणली. त्याआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षे सनद देणारा आणि काढून घेणारा हात न्यायालयाचाच होता. आजच्या चौकशीच्या बऱ्याच पायऱ्या त्याच काळात घडल्या. १९६१ ने त्यांवर बसणारी माणसे बदलली.

सुरुवात कलकत्त्यापासून होते. १७७४ च्या राजसनदेने तिथे सुप्रीम कोर्ट स्थापन झाले आणि अ‍ॅडव्होकेट व अ‍ॅटर्नी यांना दाखल करून घेण्याचा अधिकार त्याला मिळाला. त्याच वाक्यात, वाजवी कारण असल्यास त्यांना काढून टाकण्याचाही. वाजवी कारण म्हणजे काय, हे राजसनदेने सांगितले नाही. ते न्यायाधीशांनी ठरवायचे होते. कल्पना अर्थातच इंग्लंडची. फसवणूक किंवा संगनमत करणाऱ्या वकिलाला एक वर्ष आणि एक दिवस कैद, आणि पुन्हा कधीही न्यायालयात बोलायचे नाही, असा कायदा तिथे १२७५ सालीच झाला होता.

सुप्रीम कोर्ट हे शहरापुरते आणि मुख्यतः गोऱ्यांचे. मुलखातल्या रयतेचे दावे ईस्ट इंडिया कंपनीच्या अदालतींत चालत, आणि तिथल्या वकिलीला पहिली शिस्त लावली ती १७९३ मध्ये गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने, बंगालच्या सातव्या रेग्युलेशनने. वकिलांची नेमणूक सदर दिवाणी अदालत करणार; ते हिंदू किंवा मुसलमानच असणार; कलकत्त्याचा मदरसा आणि काशीचे हिंदू कॉलेज इथल्या विद्यार्थ्यांना अगोदर संधी; मेहनताना दाव्याच्या रकमेवर ठरलेला. ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या वकिलाची नेमणूक जाई. धर्माची अट १८३३ मध्ये उठली. मुंबई इलाख्यात हेच काम १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने केले. तिच्या दुसऱ्या रेग्युलेशनमध्ये वकिलांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या आणि त्यांवर इलाख्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली वकिली जवळजवळ शंभर वर्षे चालली.

१८६२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे उच्च न्यायालये आली. त्यांच्या लेटर्स पेटंटच्या, म्हणजे राजसनदांच्या, दहाव्या कलमात तेच जुने ‘वाजवी कारण’ जसेच्या तसे उतरले. न्यायालयाची इमारत बदलली, नाव बदलले; वकिलाच्या मानेवरची तलवार मात्र तीच राहिली.

ती कशी चालवायची याची तपशीलवार रीत १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टने घालून दिली. हा कायदा बंगाल, पंजाब, मध्य प्रांत अशा मुलखांसाठी होता, म्हणजे नागपूरचे वकील त्याच्या कक्षेत आले आणि पुण्याचे आले नाहीत; पुण्या-मुंबईकडच्या प्लीडरांसाठी, म्हणजे खालच्या न्यायालयांतल्या वकिलांसाठी, पुढे १९२० चा वेगळा मुंबई कायदा झाला. १८७९ च्या कायद्यातली गैरवर्तनाची यादी वाचताना त्या काळची कचेरी डोळ्यांपुढे उभी राहते. पक्षकार किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोडून तिसऱ्याच माणसाकडून काम घेणे, काम आणून देणाऱ्याला पैसे चारणे, कामकाजात लबाडी करणे. यादीच्या शेवटी ‘अन्य कोणतेही वाजवी कारण’ हे शेपूट होतेच.

चौदाव्या कलमातली कार्यपद्धती अशी: गैरवर्तन ज्या कनिष्ठ न्यायालयात किंवा महसुली कचेरीत घडले असेल, तिथल्याच अधिकाऱ्याने आरोपाची प्रत आणि नोटीस वकिलाला द्यायची, सुनावणीच्या तारखेआधी निदान पंधरा दिवस ती त्याच्या हाती पडली पाहिजे, मग पुरावा घ्यायचा आणि आपल्या मतासह अहवाल उच्च न्यायालयाला पाठवायचा. शिक्षा द्यायची की नाही, हे उच्च न्यायालय ठरवणार. लेखी आरोप, नोटीस, बाजू मांडण्याची संधी आणि मग निर्णय हा आजच्या चौकशीचा सांगाडा इथे तयार झाला. त्यातली अडचणही उघड होती. ज्या मुन्सिफासमोर वकिलाने काल हुज्जत घातली, तोच आज त्याची चौकशी करणार. मामलेदाराच्या कचेरीतला वकील तर सरकारविरुद्ध बोलताना दोनदा विचार करत असणार.

१८९६ च्या दुरुस्तीने या कायद्यात वकिलाबरोबर दलालही आला. कमिशनवर अशील आणून देणाऱ्या अशा माणसांची यादी न्यायालयांनी तयार करावी, ती न्यायालयात लावावी आणि यादीतल्या माणसाला आवारात येऊ देऊ नये, असे ठरले.

ही सत्ता राजकीय कारणासाठीही वापरता येते हे १९१९ मध्ये दिसले. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर अहमदाबादच्या काही वकिलांनी सह्या केल्या. जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले: सत्याग्रहाच्या समितीने सांगितलेले कायदे मोडण्याची शपथ घेणारा माणूस कायद्याचा व्यवसाय कसा करू शकतो? उच्च न्यायालयाने या वकिलांना नोटिसा काढल्या. गांधीजींच्या हाती ते पत्र आले आणि त्यांनी ते ऑगस्टमध्ये ‘यंग इंडिया’त टीकेसह छापले. वकिलांच्या सनदा वाचल्या, पण अशा वर्तनाची दखल घेण्याचा आपला अधिकार न्यायालयाने सोडला नाही. पत्र छापल्याबद्दल गांधीजी आणि महादेवभाई देसाई यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई झाली आणि मार्च १९२० मध्ये त्यांना समज देण्यात आली.

बॅरिस्टरांची गोष्ट वेगळी होती. त्यांची नावे लंडनच्या इन्स या बॅरिस्टरांच्या संस्थांच्या पटावर असत आणि तिथे निर्णय बॅरिस्टरांचेच ज्येष्ठ मंडळ घेई. १९०९ मध्ये ग्रेज इनने सावरकरांना परीक्षा होऊनही बॅरिस्टरीचा अधिकार दिला नाही. त्याच वर्षी इनर टेंपलने श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव काढून टाकले, आणि १९२२ च्या राजद्रोहाच्या शिक्षेनंतर गांधीजींचे. गांधीजींचे नाव १९८८ मध्ये आणि श्यामजींचे २०१५ मध्ये पटावर परत आले. म्हणजे न्यायाधीशांऐवजी समव्यवसायी बसले की राजकारण बाजूला राहते, असेही नाही.

तरी आपली शिस्त आपल्याच हाती हवी, ही हिंदी वकिलांची मागणी जोर धरत होती. १९२१ मध्ये ती केंद्रीय कायदेमंडळात पोचली. १९२३ मध्ये सर एडवर्ड शेमिअर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. १९२६ मध्ये इंडियन बार कौन्सिल्स अ‍ॅक्ट झाला. मिळाले ते अर्धेच. उच्च न्यायालयागणिक पंधरा सदस्यांचे बार कौन्सिल, त्यांत दहा निवडलेले, चार न्यायालयाने नेमलेले आणि एक अ‍ॅडव्होकेट जनरल. तक्रार मात्र न्यायालयाकडेच येणार. ती लगेच फेटाळायची की चौकशीला पाठवायची हे न्यायालय ठरवणार, चौकशी करणाऱ्या मंडळावरचे तीन ते पाच सदस्यही मुख्य न्यायाधीशच निवडणार, आणि मंडळाने निष्कर्ष कळवल्यावर शिक्षाही न्यायालयच देणार. वकिलांना चौकशीचे कष्ट मिळाले, निकालाचा अधिकार नाही. शिवाय हे सगळे उच्च न्यायालयाच्या अ‍ॅडव्होकेटांपुरते; तालुक्याचा प्लीडर आणि मुखत्यार हे खालच्या पायरीचे वकील जुन्याच कायद्यांखाली राहिले.

या कायद्यातले दोन शब्द मात्र टिकले: व्यावसायिक ‘किंवा अन्य’ गैरवर्तन. १९६१ च्या पस्तिसाव्या कलमात ते तसेच आहेत आणि व्याख्या तेव्हाही नव्हती, आताही नाही. त्यामुळे कोर्टाबाहेरचे, अशिलाशी संबंध नसलेले वागणेही समितीपुढे येऊ शकते. व्याख्या न करण्यात शहाणपण आहे, कारण लबाडीचे नवे प्रकार कायद्याच्या कलमांपेक्षा वेगाने निघतात; पण त्याच मोकळेपणामुळे सूडापोटी केलेल्या तक्रारीलाही दार उघडे राहते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये न्यायमूर्ती एस. आर. दास यांची समिती नेमली गेली, १९५८ मध्ये सेटलवाड यांच्या विधी आयोगाने तिच्या शिफारशी उचलून धरल्या, आणि १९६१ च्या कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार ही जुनी उतरंड मोडून अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग ठेवण्याची दिशा धरली. राज्य बार कौन्सिलांवर बार कौन्सिल ऑफ इंडिया आले. सेटलवाडच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. उच्च न्यायालय शिस्तीच्या साखळीतून पूर्ण बाहेर पडले.

आजची रीत अशी. तक्रार सही आणि सत्यापनासह, ठरलेले शुल्क भरून राज्य बार कौन्सिलकडे द्यावी लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हे कौन्सिल एकच आहे. तक्रार नसतानाही कौन्सिल स्वतःहून दखल घेऊ शकते. गैरवर्तन झाल्याचे मानण्यास सकृद्दर्शनी कारण आहे असे कौन्सिलला वाटले तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. समितीत कौन्सिलने निवडलेले दोन सदस्य आणि बाहेरचा एक अनुभवी वकील. तिघांतला ज्येष्ठ तो अध्यक्ष. नोटीस वकिलाला जाते आणि राज्याच्या महाधिवक्त्यालाही. साक्षीदार बोलावणे, शपथेवर तपासणे, कागद मागवणे या बाबतींत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यामुळे तक्रारदाराचीही उलटतपासणी होते. आरोप फौजदारीच्या धर्तीचा मानला जात असल्याने पुरावा भक्कम लागतो. एखादा सदस्य गैरहजर असला तरी सुनावणी पुढे चालू शकते, पण अंतिम आदेश तिघे हजर असल्याशिवाय होत नाही.

नवख्या तक्रारदाराला एक नियम चकवतो. वकिलाने पैसे परत केले, दोघांत तडजोड झाली, तक्रार मागे घेतली, तरी तेवढ्यावरून चौकशी बंद पडत नाही. हे प्रकरण दोघांतले देणेघेणे नसून पटावर नाव ठेवण्याच्या लायकीचे आहे, अशी ही भूमिका. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. समज आणि निलंबन यांची नोंद पटावर नावासमोर होते. नाव काढले तर सनद परत मागवतात. साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून आणखी साठ दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात.

समव्यवसायींच्या हाती दिलेली शिस्त किती कडक असते, याची परीक्षा मुंबईतच झाली. एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहत, पक्षकार दिसला की त्याच्याकडे धावत, कागद हिसकावत, एकमेकांपेक्षा कमी फी सांगत. प्रसंगी हातघाईवरही येत. १९६४ मध्ये उच्च न्यायालयाने हे महाराष्ट्राच्या बार कौन्सिलला कळवले. राज्य कौन्सिलने वकिलांना दोषी धरून तीन वर्षांसाठी निलंबित केले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने त्यांना सोडले. ठरावीक माणसाकडे ठरावीक प्रकरणासाठी मागणी केल्याचे दिसले पाहिजे, असा तिने नियमाचा अर्थ लावला. यावर राज्य कौन्सिल स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याला अपिलाचा हक्क आहे का, इथूनच वाद. सात न्यायाधीशांनी आहे म्हणून सांगितले, आणि १९७५ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने तो अर्थ मोडीत निघाला. अशी झटापट हेच गैरवर्तन ठरले. दाराशी घडलेल्या गोष्टीला शेवटच्या निकालापर्यंत अकरा वर्षे लागली.

दिरंगाईवर संसदेने १९७३ मध्येच एक उपाय घातला होता: राज्याच्या समितीने वर्षाच्या आत निकाल दिला नाही तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाचे प्रकरण असेच वर गेले. फी थकली म्हणून त्याने बँकेच्या फायली अडकवून ठेवल्या होत्या. त्याला अठरा महिन्यांचे निलंबन आणि एक हजार रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये शिक्षा समजेवर आणली, पण थकलेल्या फीसाठी अशिलाचे कागद अडवता येणार नाहीत, हे तत्त्व पक्के केले. वर्षाची मुदत कागदावरच राहत असल्याने डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती पाळण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले. मतदार वकिलांवर शिस्त चालवायची आणि त्यांच्याच मतांवर निवडून यायचे, या निवडणुकीच्या गणिताचा या संथपणाशी संबंध नसेल असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल.

न्यायालयाने जुना अधिकार परत घेण्याचा प्रयत्न एकदा केला. १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या तत्कालीन अध्यक्षांना अवमानाबद्दल दोषी ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांची वकिलीही तीन वर्षांसाठी थांबवली. १९९८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही शिक्षा चुकीची ठरवली: अवमानाची शिक्षा न्यायालय देईल, सनदेला मात्र कायद्याने नेमलेली समितीच हात लावेल. मे २०२४ मध्ये वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असाही निकाल झाला. त्यामुळे फसवल्या गेलेल्या अशिलाला दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद सोडली तर शिस्तपालन समिती हाच मार्ग उरतो.

१८७९ चा कायदा इतकी वर्षे अंशतः जिवंत होता. २०२३ च्या दुरुस्तीने तो रद्द केला, पण दलालांच्या यादीचे कलम उचलून अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये ४५-अ म्हणून बसवले. ही दुरुस्ती ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. यादीत नाव असताना दलाली करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची कमाल रक्कम पाचशे रुपये आहे.