पत्र्यावर गेला की आउट : टोलेबाजी मोठी की जागा हेरून खेळणे? (थ्रेड)

१/ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रविवारी कारखान्यांची फाटके बंद असतात आणि शेडच्या मधल्या रस्त्यांवर टेनिस चेंडूचे क्रिकेट रंगते. तिथला एक नियम कोणत्याही पुस्तकात नाही, पण प्रत्येक मुलाला पाठ आहे : चेंडू थेट पत्र्यावर गेला की आउट. जो फटका स्टेडियममध्ये सहा धावा देतो, तोच इथे डाव संपवतो. फलंदाजीच्या इतिहासातील एक जुना वाद या नियमात दडलेला आहे.

२/ वाद असा : चेंडू उंच, दूर भिरकावणारा फलंदाज अधिक मोलाचा, की बॅटच्या मधोमध चेंडू घेऊन तो मोकळ्या जागी सरकवणारा? हा वाद बहुधा स्वभावाचा म्हणून मांडला जातो. एक धाडसी, दुसरा संयमी. इतिहास मात्र वेगळे सांगतो. फटक्याचे मोल फलंदाजाच्या स्वभावापेक्षा बाद होण्याची किंमत किती आहे, यावर ठरत आले आहे.

३/ पहिला दाखला पुण्याचा. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम अवघा नऊ धावांवर होता. परंतु काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तिथेच संपला. महाराष्ट्राच्या धावा होत्या ४ बाद ८२६.

४/ या खेळीचे गणित पाहावे. चौकार ४९, षटकार फक्त एक. सीमारेषेवरून आल्या २०२ धावा. उरलेल्या २४१ धावा पायांनी पळून काढलेल्या. निम्म्याहून अधिक डाव जागा हेरण्यावर उभा होता. कारण उघड आहे : षटकांची मर्यादा नव्हती. चेंडू हवे तितके मिळणार, गडी मात्र दहाच. जे दुर्मीळ, तेच जपले जाते. हवेत मारणे म्हणजे दुर्मीळ वस्तू उधळणे.

५/ मुंबईची ‘खडूस’ फलंदाजी याच हिशेबातून घडली, असे आपण मानतो. पण याच मुंबईत १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते. तिथे खेळपट्टी ओली आणि मैदानात गवत वाढलेले. जमिनीलगतचा देखणा फटका गवतात अडकून थांबतो. त्यामुळे उन्हाळ्यात ‘चेंडू खाली ठेव’ असे ऐकणारा फलंदाज पावसाळ्यात तो क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून मारायला शिकला. शहर तेच, खेळाडू तेच. फक्त गवत वाढले आणि फटक्याची किंमत बदलली.

६/ हिशेब बदलूनही सवय न बदलल्यास काय होते, हे ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर दिसले. पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या. भारताने पूर्ण ६० षटके खेळून केल्या ३ बाद १३२. सुनील गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६. पराभव २०२ धावांनी, आणि सात गडी शाबूत! जपलेली ती पुंजी कोणत्याच कामी आली नाही. मर्यादित षटकांत दुर्मीळ झाला होता तो चेंडू. भारत अजून गडीच जपत होता.

७/ स्वभावाचा सिद्धान्त सर्वांत जोरात कोसळतो तो जानेवारी १९८५ मध्ये. इंग्लंडविरुद्धच्या कोलकाता कसोटीत रवी शास्त्री यांनी १११ धावांसाठी सात तासांहून अधिक वेळ घेतला. त्यानंतर काही दिवसांतच, १० जानेवारीला, वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राज यांच्या एका षटकात त्यांनी सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक पूर्ण केले.

८/ आठवड्याभरात माणूस बदलत नाही. बदलली होती परिस्थिती. कोलकात्यात त्यांची विकेट संघाला हवी होती. वानखेडेवर मुंबईला झटपट धावा काढून डाव घोषित करायचा होता. बाद होण्याची किंमत एकीकडे जड, दुसरीकडे जवळजवळ शून्य. एकाच फलंदाजाच्या अंगी दोन्ही कला होत्या. कोणती बाहेर काढायची, हे सामन्याने ठरवले.

९/ हाच वाद अमेरिकेतील बेसबॉलमध्ये शंभर वर्षे चालू आहे. तिथे नऊ डावांत संघाचे २७ जण बाद होऊ शकतात. एके काळी आदर्श होता विली कीलर : चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधल्या जागेत टाकणारा, १८९७ मध्ये सलग ४४ सामन्यांत यशस्वी फटका मारणारा. मग आला बेब रूथ. १९१९ मध्ये त्याचे २९ होम रन झाले, १९२० मध्ये तब्बल ५४.

१०/ रूथच्या मनगटात बळ होतेच. पण काळही बदलला होता. १९२० मध्ये चेंडूला थुंकी लावण्यावर निर्बंध आले. त्याच वर्षी रे चॅपमन हा खेळाडू चेंडू डोक्याला लागून मरण पावला आणि मळके चेंडू वारंवार बदलले जाऊ लागले. स्वच्छ चेंडू दिसतो नीट आणि जातो दूर. टोलेबाजीचे युग बाहूंनी आणले तितकेच नियमांनीही.

११/ बेसबॉलचा एक बारकावा आपल्याला अपरिचित आहे. क्रिकेटमध्ये चेंडू हळूच ढकलून धाव न घेता उभे राहता येते. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानात आत गेला की पळावेच लागते. त्यामुळे कमकुवत फटक्यावर कधी कधी दोघे एकदम बाद होतात. चेंडू हुकून बाद झाला तर बहुधा एकच. म्हणून आधुनिक संघांनी हुकण्याची भीती सोडून टोलेबाजांना पसंती दिली. २०२३ मध्ये क्षेत्ररक्षकांना एका बाजूला गोळा करण्यावर बंदी आली आणि जागा हेरणाऱ्याला पुन्हा थोडा वाव मिळाला.

१२/ आता ठाण्यात परत येऊ. एक सोपे माप घ्यावे : उपलब्ध चेंडू भागिले दहा गडी. ६० षटकांत एका गड्यामागे ३६ चेंडू, ट्वेन्टी-२० मध्ये १२, दहा षटकांत फक्त ६. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली : टेनिस चेंडू, दहा षटके. गल्लीतला खेळ स्टेडियममध्ये आला, पण पत्र्याचा नियम मागे राहिला. गल्लीत विकेट महाग होती. इथे ती सर्वांत स्वस्त.

१३/ याच पट्ट्यातील कल्याणमध्ये जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. चौकार १२९, षटकार ५९. म्हणजे ८७० धावा सीमारेषेवरून, पळून फक्त १३९. निंबाळकरांच्या खेळीचे प्रमाण इथे पूर्ण उलटले. मात्र प्रतिस्पर्धी संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते. पंधरा वर्षांच्या मुलाची चिकाटी खरी होती. तो आकडा भविष्य सांगतो, ही समजूत खोटी होती.

१४/ इथेच हा वाद करमणुकीपुरता राहत नाही. निवड चाचणीत एखाद्या मुलाला मोजके चेंडू मिळतात. तेवढ्यात दिसतो तो उंच फटका. जागा हेरण्याची कला दिसायला वेळ लागतो. ४४३ धावा करूनही निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. १००९ धावांचा आकडा एका शाळकरी मुलाच्या खांद्यावर ओझे होऊन बसला. आकडा कोणत्या मैदानावर, कोणाविरुद्ध, कोणत्या नियमांत झाला, हे न विचारता माणूस तोलला की अन्याय दोन्ही बाजूंनी होतो.

१५/ १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून वागळे इस्टेटमध्ये भूखंड आखले गेले, रस्त्यांना क्रमांक मिळाले, शेड उभ्या राहिल्या. त्या शेडच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शिकलेला मुलगा चेंडू खाली ठेवतो, तो भित्रा म्हणून नव्हे. वर पत्रा आहे म्हणून. त्याला मोकळे मैदान दिल्यावर तो काय मारतो, हे मैदान दिल्याशिवाय कळणार नाही.

(समाप्त)