मंगळ समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला का येतात? जाणून घ्या 'अ‍ॅनालॉग साइट' म्हणजे काय

मंगळाचे फोटो तुम्ही मोबाईलवर पाहिलेच असतील. तांबूस जमीन, विखुरलेले दगड, मध्येच एखादा गोल खड्डा. पण तो खड्डा उल्का आदळून झालाय की ज्वालामुखीमुळे, हे ठरवतात कसं? नुसत्या फोटोवरून बऱ्याचदा ठरत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पृथ्वीवरच तशी जागा शोधतात, तिथे हातोडी घेऊन फिरतात, दगड फोडून बघतात आणि मग त्या फोटोंचा अर्थ लावतात. अशा जागेला 'अ‍ॅनालॉग साइट' म्हणतात.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा प्रकार टेस्ट सर्व्हरसारखा वाटतो. अ‍ॅप लोकांच्या फोनवर जाण्याआधी आम्ही ते तिथे चालवून बघतो. फरक एवढाच, की आमचं काही चुकलं तर दुसऱ्या दिवशी अपडेट टाकता येतं. चंद्रावरून चुकीचा दगड उचलून आणला तर तो बदलायला परत जाता येत नाही.

अपोलोच्या अंतराळवीरांची शाळा

अपोलोचे बहुतेक अंतराळवीर मूळचे पायलट. दगड हा त्यांचा विषयच नव्हता. युजीन शूमेकर या भूवैज्ञानिकाने अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधला मीटिऑर क्रेटर उल्केच्या आघातानेच झाल्याचं सिद्ध केलं होतं. त्याच विवरात अंतराळवीरांना उतरवून शिकवलं गेलं. १९६५ आणि १९६७ मध्ये त्यांना आइसलँडच्या लाव्हाच्या मैदानांवर नेलं. फ्लॅगस्टाफजवळ तर १९६७ मध्ये जमिनीत स्फोटकं पुरून चंद्रासारखे खड्डेच तयार केले!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सरावाची पद्धत. अंतराळवीर पाठीवर सामान घेऊन चालायचे आणि दिसेल ते रेडिओवर सांगायचे. भूवैज्ञानिक दुसरीकडे बसून फक्त ऐकायचे. त्यांना तो दगड दिसत नसे. म्हणजे नुसतं 'काळा दगड आहे' म्हणून चालायचं नाही. त्यात छिद्रं आहेत का, स्फटिक केवढे, कडा धारदार की झिजलेल्या, सगळं शब्दांत सांगावं लागे.

याचा उपयोग किती झाला? १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांना यानाकडे परतताना एक छिद्राळ बसाल्ट दिसला. थांबायला वेळ नव्हता. त्यांनी सीटबेल्ट नीट करतोय असं सांगून गाडी थांबवली आणि दगड उचलला. आजही तो 'सीटबेल्ट रॉक' म्हणूनच ओळखला जातो.

पण खरी परीक्षा झाली एप्रिल १९७२ मध्ये, अपोलो १६ ला. वरून घेतलेले फोटो बघून अनेक शास्त्रज्ञांचं मत होतं की डेकार्त भागातले डोंगर आणि मैदानं ज्वालामुखीतून तयार झाली आहेत. जॉन यंग आणि चार्ली ड्यूक प्रत्यक्ष तिथे उतरले, तर समोर बहुतेक ब्रेशिया, म्हणजे आघाताने फुटून पुन्हा सांधलेला खडक. दोघांनी कॅनडातल्या सडबरीला असेच खडक पाहिलेले होते. अंदाज बदलावा लागला, तोही ज्या माणसांना दगड ओळखता येत होता त्यांच्यामुळे.

मग लोणार कुठे आलं?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बसाल्टमध्ये झालेलं. बरीच वर्षं लोक ते ज्वालामुखीचं समजत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बोअर घेतले, खाली आघाताने बदललेला बसाल्ट सापडला, आणि मग चित्र स्पष्ट झालं.

आता गंमत बघा. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचा, चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचे. आणि बसाल्टमध्ये झालेलं, इतकं चांगलं टिकलेलं उल्काविवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. म्हणून आघाताने मंगळाच्या खडकाचं काय होतं हे बघायचं, तर लोणारचा दगड हाताशी असतो. आघाताचा दाब बसला की बसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाची काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती लोणारला सापडते. आणि हे मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली आहे, हे बऱ्याच नंतर कळलं!

आपल्या इस्रोनेही असंच केलं. चंद्रावरच्या उंच भागांत अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा खडक असतो. तो तमिळनाडूत सितमपुंडी इथे मिळतो. तो दळून चंद्रासारखी माती बनवली आणि तिच्यावर यंत्रांच्या चाचण्या घेतल्या.

अर्थात अ‍ॅनालॉग साइट म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. लोणारला दरवर्षी पाऊस पडतो, झाडं उगवतात, पाण्याने खडकातली खनिजं बदलतात. चंद्रावर हवाच नाही. त्यामुळे 'हा बदल आघाताचा की पावसाचा' हे आधी वेगळं काढावं लागतं, आणि कामाचा मोठा भाग त्यातच जातो.

घरबसल्या बघायचं असेल तर फोनच्या मॅपमध्ये लोणार शोधा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. जवळजवळ गोल कडा दिसेल, आणि ईशान्येला ती कडा कापून आत उतरणारा ओढाही. प्रत्यक्ष गेलात तर दगड खिशात घालू नका. ते अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर स्थळही.